गुडघ्याखालची उशी

ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. तालमीच्या मागच्या खोलीत लोखंडी कॉटवर पोरगा पडला होता. त्याच्या डाव्या गुडघ्याखाली मामांनी स्वतःच्या अंथरुणातली उशी घडी घालून सरकवली होती. गुडघा जरासा वाकलेला राहिला की आतल्या सुजेचा ताण कमी होतो, दुखणं हलकं वाटतं. म्हणून दुखणाईत माणूस उशी मागतो आणि मायेचं माणूस ती देतं. मी ती हळूच काढून घेतली, टॉवेलची गुंडाळी केली आणि टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी झाला. पोरगा जागा झाला, दात आवळून “ताई...” एवढंच म्हणाला आणि दारातून मामांचा आवाज आला.

“कुणी काढली उशी?”

“मी काढली, मामा.”

“पोराचा पाय आत्ता कुठं शिवून आणलाय, आन् तू त्येला दुखवतीस? मोडल्या फांदीला आपण बांधतो. हलवून बघतो व्हय?”

मामा करवीर तालुक्यातल्या आमच्या आजोळी चाळीस वर्षं तालीम चालवतात. मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. त्यांच्याकडे येणारी पोरं पुढे कधी ना कधी माझ्याकडे येतात, त्यामुळे आमचं भांडण जुनं आहे. हा पोरगा बावीस वर्षांचा. दिवाळीनंतरच्या पहिल्याच मैदानात मॅटवर त्याचा पाय जागेवर राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यात ‘कट्’ वाजलेलं बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून तिरकी बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे एसीएल, तुटली. ऑपरेशनसाठी घरातली म्हैस विकली.

“फांदी बांधतात, खरंय,” मी म्हटलं. “हाड मोडलं असतं तर मीही हलवू दिलं नसतं. पण ह्याची दोरी तुटली होती. तिथे मांडीच्या मागची शीर काढून नवी दोरी ओवलीय, दोन्ही टोकांना घट्ट धरलीय. आता गुडघा उशीवर वाकलेलाच राहिला, तर काही आठवड्यांत तो तसाच धरून बसेल. पूर्ण सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर मांडी पूर्ण आवळता येत नाही. मग पोरगा लंगडेल आणि तुम्ही म्हणाल, ऑपरेशन फसलं.”

“आमच्या वस्तादांनी शिकवलंय, लागलं की महिनाभर गप पडायचं. दूध, तूप आन् तेल. आराम म्हंजेच औषध.”

तेव्हा मी त्यांना डॅलसची गोष्ट सांगितली. 1966 साली अमेरिकेत विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना मुद्दाम तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. आजार काही नाही, फक्त झोपायचं. तीन आठवड्यांनी त्यांचा दम, म्हणजे मेहनत करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते माप, पाव हिश्शाहून जास्त घटलं होतं. 1996 मध्ये तेच पाच जण पन्नाशीचे झाल्यावर पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं.

मामा ऐकत होते. पण पटलं नव्हतं. “त्येंचं काय तुटलं नव्हतं. ह्येचं तुटलंय.”

मग मी जे बोलले ते बोलायला मला पंधरा वर्षं धीर झाला नव्हता. “मामा, तुमचा उजवा हात सरळ करा.”

त्यांनी केला नाही. तो होत नाही. एकोणिसाव्या वर्षी मैदानात कोपर मोडलं. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून बांधलं, ते बरोबरच बांधलं. पण महिन्याने सोडायचं ते घरच्यांनी काळजीपोटी अडीच महिने सोडलं नाही. तेव्हापासून कोपर वाकलेलं आहे. जोर मारताना मामांचा एक खांदा नेहमी खाली असतो. लहानपणी आम्हाला वाटायचं, वस्ताद लोक जोर असेच मारतात.

“ह्याच हातानं फुडं बारा वर्षं मैदानं मारली मी.”

“मारलीत. पण ढाक? ढाक पुन्हा कधी लागली?”

ढाक हा त्यांचा डाव पंचक्रोशीत नावाजलेला होता, हे आई सांगायची. मामा काही बोलले नाहीत. कॉटच्या कडेवर येऊन बसले.

मी पोराला म्हटलं, “गुडघा खाली दाब. मांडी आवळ.” त्याने डोळे मिटून जोर लावला. कपाळावर घाम आला, मांडी हलली नाही. गुडघ्यात सूज असली की मज्जातंतूच वरच्या स्नायूला बंद राहायचा निरोप देतात. माणूस हुकूम सोडतो, तो मांडीपर्यंत पोचतच नाही. मी मामांचा डावा हात धरून त्याच्या मांडीवर ठेवला. ह्या हाताने हजार मांड्या चाचपल्या असतील.

“मेलीया जणू,” मामा हळूच म्हणाले.

“झोपलीय. पुन्हा दाब रे.”

सातव्या की आठव्या वेळी, गुडघ्याच्या वाटीच्या वर आतल्या अंगाला, कातडीखाली मासोळी वळवळावी तसं काहीतरी हललं. मला ते दिसलं. मामांना तळव्याला लागलं. “हल्ली गं!” ते एकदम मोठ्याने म्हणाले. “आता किती येळा?”

“दर तासाला दहा.”

त्या दिवसापासून बैठका मोजतात तशी ती मोजणी मामांनी स्वतःकडे घेतली.

इथे मला एक सांगायलाच हवं. पोराला इस्पितळातून घरी पाठवताना त्याच्या हातात झेरॉक्स काढलेला एक कागद दिला होता. त्यावर पाय उचललेल्या माणसाची पुसट चित्रं होती. कुणी बसून समजावलं नव्हतं. हे मी वर्षानुवर्षं पाहते. ऑपरेशनला म्हैस विकणारा बाप पुढच्या नऊ महिन्यांच्या व्यायामासाठी पैसे बाजूला ठेवत नाही, कारण तो व्यायाम हाच अर्धा इलाज आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सहा आठवड्यांनी पोरं चालायला लागतात, यायची बंद होतात, फोन उचलत नाहीत. मग दोन वर्षांनी तोच गुडघा किंवा दुसरा गुडघा घेऊन परत येतात. मला त्या पोरांचा राग येत नाही. त्यांच्या आयांच्या तोंडाकडे बघवत नाही.

माघात पोरगा बैठकांवर आला आणि भांडण उलटं झालं. मी खुर्ची ठेवून अर्ध्या बैठका लावल्या होत्या. मामा म्हणाले, “ही कसली बैठक? टाचंला बुड टेकलं पाहिजे.”

“एवढं खाली गेलं की गुडघ्यावर ताण येतो, मामा.”

“कुणी सांगितलं? माझं वय अडुसष्ट हाय. रोज शंभर मारतो. हात वाकडा हाय, गुडघं न्हाईत.”

मी कॉलेजात हेच शिकले होते, काटकोनाच्या खाली जायचं नाही. घरी जाऊन ह्याचं मूळ कुठलं ते शोधलं, तर ते 1961 सालच्या टेक्सासमधल्या कार्ल क्लाइन यांच्या एका अभ्यासापर्यंत गेलं. खोल बैठकांनी गुडघ्याचे बंध सैल होतात असं त्यांनी मांडलं आणि ते सैन्यापासून शाळांपर्यंत पसरलं. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा निरोगी गुडघ्यांत तसं आढळलं नाही. उलट हळूहळू सवय केलेला गुडघा खोल बैठकीत मजबूत होतो. मी मामांकडे जाऊन म्हटलं, “तुमचं खरं आहे. पण ह्याच्या गुडघ्यात नवी दोरी आहे. खाली जायचं, पण पायरीपायरीने.”

“मग मी काय एकदम म्हणालो? नवं पोरगं आलं की सहा म्हैने मी त्येला लढत लावतो का? आधी मातीचा हौदा खणायचा, मग जोर, मग बैठका, मग सपाट्या. अंगानं माती ओळखली की मग जोड.”

मी ज्याला शास्त्राच्या भाषेत भार टप्प्याटप्प्याने वाढवणं म्हणते, ते मामांच्या तालमीत पिढ्यान्पिढ्या चालू आहे. फरक एवढाच की ते धडधाकट पोरासाठी होतं. दुखावलेल्यासाठी तालमीत दोनच गोष्टी होत्या, एकतर खाट नाहीतर हौदा. मधल्या पायऱ्या नव्हत्या. त्या मधल्या पायऱ्या हीच माझी विद्या.

“पण एक सांग,” मामा म्हणाले. “दुखलं की थांबायचं, का दुखंतोवर करायचं?”

हा खरा प्रश्न होता. मी त्यांना स्वीडनच्या आल्फ्रेडसन नावाच्या अस्थिशल्यविशारदाचं सांगितलं. त्यांची स्वतःची टाचेमागची शीर दुखत होती. ऑपरेशन करून द्या म्हणाले, वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा ती तुटली तर मग करावंच लागेल, अशा हट्टाने ते पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम दुखत असतानाच करत राहिले. शीर तुटली नाही. बरी झाली. मग 1998 मध्ये त्यांनी पंधरा धावपटूंना बारा आठवडे हाच व्यायाम दिला, रोज एकशेऐंशी वेळा, आणि ते पंधराही जण पुन्हा धावू लागले.

“म्हंजे दुखू द्यायचं.”

“शिरेच्या जुन्या दुखण्यात, थोडं. ह्याच्या गुडघ्यात मी वेगळं माप धरते. आज जे केलं त्याचा हिशेब उद्या सकाळी बघायचा. वाटीच्या दोन्ही बाजूंना खळगी दिसली, तर कालची मेहनत पचली. खळगी भरून गुडघा गुळगुळीत दिसला, तर जास्त झाली. मग आज निम्मी.”

मामांना हे ताबडतोब पटलं. खुराक पचला का, हे ते पोरांच्या तोंडावरून ओळखतात. मेहनत पचली का, हे गुडघ्यावरून ओळखायचं. रोज पहाटे साडेचारला दिवा पोराच्या गुडघ्याजवळ धरून ते बघायचे आणि मला फोन करायचे, “वाटी दिसतीया.” किंवा, “आज भरलीया गं.” एकदा भरली तेव्हा त्यांनीच ओळखलं. आदल्या दिवशी पोरगा भावाबरोबर उसाच्या फडात गेला होता.

चैत्रात जत्रा आली. पाच महिने झाले होते. पोरगा पळत होता, दुखत नव्हतं, गुडघा सरळ होत होता. जत्रा कमिटी दारात आली. पोस्टरवर फोटो टाकायचा होता, इनाम मोठं होतं. त्या इनामात एक दुभती म्हैस आली असती. हे मला माहीत होतं, म्हणून ‘नाही’ म्हणताना माझा आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

मामा त्या दिवशी खरोखर रागावले. “तीन दिवसांच्या पोराला हलवतीस, आन् पाच म्हैन्याच्या पोराला बांधून घालतीस? तुजं एक काय ते ठरव. दुखत न्हाई म्हंजे बरं झालं.”

“दुखणं गेलं, मामा, पण दोरी अजून विणून व्हायचीय. बसवली तेव्हा ती मजबूत होती. मग शरीर तिला आपलीशी करतं. जुने धागे विरतात, रक्तवाहिन्या आत शिरतात, नवे धागे विणले जातात. त्या काळात ती बसवली त्या दिवसापेक्षा कमजोर असते. आणि नेमकं तेव्हाच दुखायचं थांबलेलं असतं. नऊ महिने तरी थांबायला हवं.”

“आन् नऊच म्हैने का? पंचांग हाय व्हय तुमचं?”

“2016 मध्ये ओस्लोच्या लोकांनी असे गुडघे दोन वर्षं पाहिले. वळण्याच्या-उड्यांच्या खेळात परत जाणं नऊ महिन्यांपर्यंत जेवढं लांबवलं, तेवढा दर महिन्याला गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी झाला. आणि नुसते महिने मोजून चालत नाही. दोन्ही पायांची ताकदही मोजावी लागते.”

“खाशाबांना कोण हुतं मोजायला? 1952ला हेलसिंकीला जाऊन पदक आणलं त्येनी.”

“आणि पुढचं ऑलिंपिक कशानं हुकलं, ते तुम्हीच आम्हाला सांगता ना? गुडघ्यानं.”

मामा गप्प झाले, पण मान्य केलं नाही. मी ओसरीच्या फरशीवर खडूने रेघ ओढली. पोराला एका पायावर उडी मारून त्याच पायावर थांबायला सांगितलं. उजव्या पायाने एकशेपासष्ट सेंटिमीटर. डाव्याने एकशेअठ्ठावीस. मी म्हटलं, “निदान नव्वद टक्के यायला हवं. अजून अठ्ठ्याहत्तर आहे.”

“जत्रंत काय उडी मारायची हाय?” असं म्हणून मामा उठले. मला वाटलं, आता भांडण मोडलं, पोरगा लढणार. पण ते हौद्याकडे गेले. एका पोराला खांबासारखं उभं केलं आणि आपल्या पठ्ठ्याला म्हणाले, “ह्येचा पट काढ. हलक्यानं. धरायचं, सोडायचं.” मी हात वर केला, तर म्हणाले, “कोण वढत न्हाई त्येला. थांब जरा.”

पोराने सहा वेळा पट काढला. मला तो छानच वाटला. मामा हौद्याच्या कडेला उकिडवे बसून त्याच्या पायांकडे बघत होते.

“बघितलंस?”

“काय?”

“सहाच्या सहा येळा उजवा पाय फुडं. पयल्यापास्नं ह्यो डावा पाय घालून पट काढणारा गडी हाय. त्येला सुद्दा ठावं न्हाई, कधी बदलला.”

पोरगा खाली बघायला लागला. खरंच त्याला माहीत नव्हतं. माझ्या खडूत हे आलं नसतं. शरीर दुखणं विसरलं होतं, भीती विसरलं नव्हतं. समोरच्या मल्लाने दोन मिनिटांत हे ओळखलं असतं आणि त्याला डाव्या पायावर आणलं असतं. माझं माप आणि मामांचा डोळा, दोघांनी एकच सांगितलं. संध्याकाळी मामा स्वतः कमिटीच्या लोकांना भेटले. “औंदा न्हाई” एवढंच सांगून आले. म्हशीचं काय करायचं, यावर रात्री बराच वेळ बोलणं झालं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

दुखापत होण्याआधीच काय करता येईल, हा विषय आमच्यात त्यानंतर निघाला. मी मामांना नॉर्वेतलं सांगितलं. 2008 मध्ये तिथे 13 ते 17 वर्षांच्या 1892 फुटबॉल खेळणाऱ्या मुली पाहिल्या. ज्यांनी खेळाआधी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम केला, त्यांच्यात दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी होत्या. त्या व्यायामात धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, उडीवरून नीट उतरणं आणि मांडीमागच्या स्नायूची ताकद एवढंच होतं.

“हौदा खणणं म्हंजे दुसरं काय?” मामा म्हणाले. “सगळं अंग तापतंय.”

“अंग तापतं, खरंय. पण एका पायावर उतरणं त्यात नाही, आणि मांडीची मागची बाजूही नाही.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोरांना मातीवर गुडघे टेकून उभं केलं. मागून एकाने दुसऱ्याच्या टाचा धरायच्या आणि पुढच्याने पाठ ताठ ठेवून, मांडीच्या मागच्या ताकदीवर स्वतःला रोखत, सावकाश पुढे जायचं. डेन्मार्कमध्ये पन्नास फुटबॉल संघांच्या अभ्यासात ज्यांनी हा एकच व्यायाम केला, त्यांच्यात त्या स्नायूच्या नव्या दुखापती निम्म्याहून जास्त कमी झाल्या. तालमीतला सगळ्यात तगडा गडी, दोनशे बैठका मारणारा, तिसऱ्याच खेपेला तोंडावर मातीत आपटला. नाकाला लाल माती लागली. मामांनी त्याच्या टाचा सोडल्या नाहीत. “परत,” म्हणाले.

तेल लावून रगडण्यावर आमचं अजून जुळत नाही. मामा म्हणतात, रगडल्याशिवाय अंग सुटत नाही. मी म्हणते, सुटल्यासारखं वाटतं, पण बळ येत नाही. बळ भारानेच येतं. ह्यावर आम्ही पुढच्या दिवाळीलाही भांडू. रगडताना मात्र त्यांचा हात मांडीवर कुठे थांबतो, ते मी आता नीट बघते. जिथे थांबतो तिथे काहीतरी असतं.

मृगाचा पाऊस सुरू झाला. सातवा महिना संपत आला होता. तालमीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, आत नव्या मातीत ताक, तेल आणि हळद कालवलेल्याचा वास होता. पोरगा हौद्याच्या कडेला खोरं घेऊन उभा होता. सात महिन्यांत त्याने हौद्यात खोरं घातलं नव्हतं. डाव्या पायाने तो पुढे आला आणि थांबला.

“डॉक्टरीणबाई,” मामा मला असं पहिल्यांदाच म्हणाले, “खणू दे का?”

मी हिशेब केला. पाय रोवून कंबरेतून वळायचं, तेही ओल्या जड मातीत. आदल्या दिवशी डाव्या पायाची उडी एकशेबेचाळीस झाली होती. सकाळी वाटी दिसत होती.

“निम्मा हौदा,” मी म्हटलं. “आणि उद्या सकाळी मला फोन.”

मामा मातीत उतरले. निम्म्यापाशी गेले, जरा थांबून दोन पावलं मागे आले, आणि टाचेने मातीत आडवी रेघ ओढली.

“इथवर,” ते पोराला म्हणाले.